जनुकांमधले अंतर मोजणारे हाल्डेन

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याला निघाले की सेलूच्या अलीकडे केळझर लागते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक इथल्या टेकडीवर आहे, आणि बकासुराची एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी मानतात. पण वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अनेक घरांना आणखी एक नाव चांगलेच ठाऊक आहे, ते म्हणजे सिकलसेल. मुलाचे सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार रक्त द्यावे लागते. घरात एक रुग्ण निघाला की भावंडांची सोयरीक अडते. हा आजार इथे टिकून का राहिला आणि त्याचे जनुक नेमके कुठे आहे, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गेले की एकच माणूस भेटतो. जन्माने इंग्रज आणि अखेरीस भारतीय नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास ते स्वतःवर प्रयोग करून करत आणि लहानग्या मुलालाही खाणीत नेत. ही सवय मुलाने जन्मभर सोडली नाही. रक्तातील आम्लता वाढली तर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइड प्यायले. पाणबुडीतील सैनिकांच्या सुरक्षिततेसाठी हवेच्या दाबाच्या कोठीत स्वतःला कोंडून घेतले. त्यात आकडी येऊन त्यांच्या पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना उपचारांसाठी भारतात पाठवले गेले. हा देश त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला. उंदरांमध्ये दोन गुण पिढ्यान्‌पिढ्या जोडीने उतरतात, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९१५ साली, युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झाला होता. बहीण नेओमी त्यात सहलेखिका होती. दुसरा सहकारी मित्र तोवर युद्धात मारला गेला होता.

गुण जोडीने का उतरतात? केळझरच्या रस्त्यावरूनच पाहू. नागपूर-वर्धा हा रस्ता म्हणजे एक गुणसूत्र आणि त्यावरची गावे म्हणजे जनुके, असे समजा. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणजे रस्ता कुठेतरी तुटून दुसऱ्या रस्त्याला जोडला जातो. हा तुटवडा केळझर आणि सेलू यांच्यामध्येच पडण्याची शक्यता कमी, बुटीबोरी आणि वर्धा यांच्यामध्ये पडण्याची जास्त. म्हणून दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटतात हे मोजले, तर त्यांच्यातील अंतर कळते. अमेरिकेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर असे नकाशे तयार झालेच होते.

पण यात एक अडचण होती. दोन गावांमध्ये रस्ता दोनदा तुटला, तर ती पुन्हा एकाच रस्त्यावर आल्यासारखी दिसतात आणि लांबचे अंतर कमी भरते. ही चूक दुरुस्त करणारे गणिती सूत्र हाल्डेन यांनी १९१९ साली मांडले. अंतराच्या एककाला मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हटले, तेही त्यांनीच. जनुकीय नकाशे आजही याच एककात मोजले जातात. पुढे १९३७ साली ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा या दोन जनुकांमधील अंतराचा अंदाज बांधला. माणसाच्या गुणसूत्रावरचे हे पहिले मोजमाप.

१९४८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत त्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. थॅलेसेमियाचे जनुक आई-वडील दोघांकडून आले तर मूल दगावते. मग ते जनुक कधीच नाहीसे व्हायला हवे होते, ते टिकले कसे? हाल्डेन यांचे उत्तर असे की, ज्याच्याकडे असे एकच जनुक आहे, त्या वाहकाला मलेरिया कमी मारतो. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ते जनुक टिकते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. जंगल आणि हिवताप पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या विदर्भालाही तेच लागू पडते.

हाल्डेन यांची एक बाजू मात्र झाकता येत नाही. कम्युनिस्ट निष्ठेपोटी त्यांनी लायसेंकोच्या अवैज्ञानिक दाव्यांचा उघड निषेध करायला फार उशीर केला. रशियातले थोर जनुकशास्त्रज्ञ वाविलोव्ह तोवर तुरुंगात मरण पावले होते. स्वतःच्या शरीराची पर्वा न करणारा हा माणूस पक्षापुढे कचरला.

सुएझवरील हल्ल्याचा निषेध करत १९५७ साली ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, कोलकात्याला आले. अंगात कुर्ता, जेवण शाकाहारी. सुरेश जयकर यांच्यासारखे तरुण संशोधक त्यांच्याबरोबर काम करू लागले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. नंतर हाल्डेन भुवनेश्वरला गेले आणि तिथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने वारले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्यानंतर १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत कान आणि डोझी यांनी डीएनए ठरावीक जागी कापणारे विकर वापरले. सिकलसेलच्या जनुकाशेजारचा तुकडा बहुधा वेगळ्या लांबीचा निघतो, असे त्यांना दिसले. गुणांऐवजी थेट डीएनएवर खुणा शोधून नकाशा काढण्याची रेण्वीय पद्धत इथून रुजली, आणि अंतर मोजण्याचे तत्त्व हाल्डेन यांच्या काळचेच राहिले. अशाच खुणांवरून कळले की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतून आलेला नाही. अकराव्या गुणसूत्रावरचा तोच बदल इकडे स्वतंत्रपणे घडला. या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, त्यामुळे आजार अनेकदा सौम्य राहतो. अर्थात सगळ्यांचाच नाही.

आता पुन्हा सोयरिकीकडे वळू. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे आणि तो कुळाचा कलंकही नव्हे. त्या जनुकाने पूर्वजांना मलेरियातून वाचवले आहे. प्रश्न येतो तो दोन्ही जोडीदार वाहक असतील तर. तेव्हा प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही रक्ततपासणी व्हावी, एकट्या मुलीची नव्हे. दोघेही वाहक निघाले, तर गर्भाची तपासणी लवकर करता येते. त्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.