चेहरा कुरतडणारा टीबी या आजारी डॉक्टरने चक्क दिव्याच्या उजेडाने बरा केला

नाक, गाल, ओठ हळूहळू झडत जायचे. जखम वर्षानुवर्षं भरायची नाही. लोक किळस करतात म्हणून पेशंट घराबाहेर पडायचं टाळायचे. हा होता त्वचेचा टीबी. युरोपात त्याला नावच ल्युपस पडलं होतं, म्हणजे लांडगा.

टीबीची औषधं यायला अजून जवळपास 50 वर्षं होती. तोवर डॉक्टर काय करायचे, तर जखम खरवडायचे नाहीतर डागायचे.

मग आला नील्स फिन्सेन.

जन्म 1860 चा, फॅरो बेटांवरचा. शिक्षण आइसलँडला, मग डॉक्टरकी कोपनहेगनला. पण विशीतच आजाराने गाठलं. पोटात पाणी साठायचं, सतत थकवा. त्यात राहायचं घर उत्तरेकडे तोंड केलेलं, ऊन नाहीच. उन्हात गेलं की बरं वाटेल असं त्याला वाटायला लागलं आणि डोक्यात प्रश्न बसला: उजेड शरीराला नेमकं करतो काय?

1895 मध्ये कोपनहेगनच्या वीज केंद्रात त्याने त्वचेचा टीबी झालेल्या एका इंजिनिअरवर प्रयोग सुरू केला. दिवा होता कार्बन आर्कचा, प्रचंड तापणारा. कातडी भाजू नये म्हणून उजेड पाण्यातून गाळून घेतला. साध्या काचेतून अतिनील किरण फारसे जात नाहीत, म्हणून भिंगं क्वार्ट्झची. जखमेवर भिंग दाबून धरायचं, कारण रक्त बाजूला सरलं की उजेड खोल जातो. रोज असं बसायचं, महिनोन्‌महिने. एका दिव्याभोवती चार पेशंट, प्रत्येकाजवळ भिंग धरून एक नर्स. काम भलतंच चिकाटीचं, पण जखमा भरल्या!

1896 मध्ये त्याची संस्था उभी राहिली. 1903 चं नोबेल मिळालं, पण गडी तोवर व्हीलचेअरवर होता, सोहळ्याला जाता आलं नाही.

गंमत पुढे आहे. 2005 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याची जुनी उपकरणं तपासली. ज्या अतिनील किरणांनी जंतू मरतात असं मानलं जायचं, ते त्यातून जातच नव्हते. जंतूंमधली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं बाकीचा उजेड शोषून घेत असावीत आणि त्यातून जंतूंना मारक असा ऑक्सिजन तयार होत असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे उपाय बरोबर, कारण भलतंच. आणि हो, ऑनलाइन मिळणारा लाल दिवा म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हे. न भरणारी जखम आधी डॉक्टरला दाखवा.

फिन्सेन 1904 मध्ये गेला, वय 43. त्याच वर्षी त्याचा एक लेख आला होता, शरीरात मीठ साठण्यावर. त्यातला पेशंट तो स्वतःच होता.