सँडो बनियनमागचा माणूस

आज कॉलेजला निघताना शर्टाच्या आत बिनबाह्यांचं बनियन घातलंत ना? मग एका माणसाचं नाव तुम्ही नकळत अंगावर चढवलंत. दुकानात आपण ते सँडो म्हणून मागतो. सँडो ही काही कंपनी नव्हे की कापडाची जात नव्हे. युजेन सँडो नावाचा एक खराखुरा माणूस होता आणि त्याच्यावरूनच हे नाव पडलं, असं मानलं जातं. वजन कमी करायचंय पण दंड मात्र भरायला हवेत, या तुमच्या-आमच्या रोजच्या पेचाशी त्याच्या आयुष्याचा जवळचा संबंध आहे.

त्याचा जन्म २ एप्रिल १८६७चा, प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. ते शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण अगदी किरकोळ होतो, वडिलांबरोबर इटलीला गेलो, तिथले जुने संगमरवरी पुतळे पाहिले आणि तसंच व्हायचं ठरवलं, अशी गोष्ट तो पुढे सगळ्यांना सांगायचा. ती कितपत खरी, देव जाणे. जाहिरात कशी करायची हे त्याला फार लवकर कळलं होतं, एवढं नक्की. सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी त्याने तरुणपणीच देश सोडला, नाव बदललं आणि सर्कशीत कसरती केल्या. ब्रसेल्समध्ये त्याला प्रोफेसर अटिला या नावाने ओळखले जाणारे गुरू भेटले. त्यांनी त्याला खरी वजनं उचलायला लावली. वजन पेललं की थोडं वाढवायचं, पुन्हा पेललं की पुन्हा वाढवायचं. सँडोचं शरीर घडलं ते इथे.

१८८९ साली तो लंडनला पोचला. सॅमसन नावाचा एक पहिलवान तिथे रोज रंगमंचावरून प्रेक्षकांना आव्हान द्यायचा. या पोराने ते स्वीकारलं, आधी त्याच्या चेल्याला आणि मग खुद्द सॅमसनला हरवलं. एका रात्रीत नाव झालं!

आता त्या काळातले ताकदवान डोळ्यांसमोर आणा. कॅनडाचा लुई सिर घ्या. अफाट ताकद, वजन तीनशे पौंडांच्या आसपास आणि पोटही तसंच. ताकद म्हणजे आडवं अंग, असंच लोक धरून चालले होते. सँडो वेगळा होता. स्नायू भरलेले आणि त्यांच्यावरचा चरबीचा थर इतका पातळ, की एकेक स्नायू सुटा दिसावा. १८९३मध्ये तो अमेरिकेला गेला, तेव्हा झीगफेल्ड नावाच्या तरुण नाट्यव्यवस्थापकाच्या लक्षात आलं, की लोक वजनांपेक्षा या माणसाकडेच जास्त बघतायत. मग काय, खेळाची मांडणीच बदलली. सँडो नुसता उभा राहायचा, वळायचा, दंड फुगवायचा. अंगाला पांढरी पावडर फासायचा, म्हणजे पुतळाच वाटावा. त्याच्या फोटोंची धडाक्यात विक्री व्हायची. १८९४मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याची छोटी फिल्मही निघाली. रीलवर एखाद्याचे सिक्स पॅक पाहून तुम्हाला स्वतःची लाज वाटत असेल, तर ही पावडर आठवा. प्रकाश, कोन आणि पोज यांची जादू सव्वाशे वर्षं जुनी आहे.

१८९७मध्ये त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था काढली. पाठोपाठ मासिक आलं, पुस्तकं आली, मुठीत दाबायच्या स्प्रिंगचे डंबेल आले आणि टपालाने शिकवणीही सुरू झाली. आपली मापं कळवायची आणि घरबसल्या व्यायामाचा तक्ता मिळवायचा. ऑनलाइन कोचिंगच म्हणा ना! पण इथे एक मेख होती. तो लोकांना शिकवायचा ते पाच पौंडांचे, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोंचे डंबेल. त्याचं स्वतःचं शरीर मात्र अटिलाच्या जड वजनांवर घडलेलं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाला हलक्या डंबेलांचा फायदा झालाच असेल, पण त्यातून दुसरा सँडो निघणं कठीण होतं. विकणाऱ्याचं शरीर ज्या वाटेने बनलं, तीच वाट तो विकतोय का? पावडरचा डबा घेण्याआधी हा प्रश्न आजही विचारायला हवा.

खाण्याबद्दल मात्र त्याचा सल्ला सरळ होता. खास पथ्यपाण्याचं स्तोम नको. साधं अन्न, बेताने, वेळेवर आणि नीट चावून खा, झोप पुरेशी घ्या. त्यानंतर विज्ञान बरंच पुढे गेलंय, म्हणून थोडी भर घालूया. चरबीचं स्नायूत रूपांतर होत नाही, ते दोन वेगळे पदार्थ आहेत. खर्चापेक्षा थोडं कमी खाल्लं की चरबी उतरते. पण नुसतीच उपासमार केलीत, तर शरीर स्नायूही मोडून खातं. काटा खाली येतो, आपण खूश होतो आणि अंगातलं बळ निघून गेलेलं असतं. ते वाचवायला दोन गोष्टी लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा हळूहळू वाढत जाणारा वजनांचा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन. नियमित व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम धरावं. म्हणजे साठ किलोच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतं, शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात वीसेक, तेवढ्याच सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या घरात. मेसच्या ताटात एक पोळी कमी करून उसळीची वाटी वाढवली, तरी सुरुवात होते. नव्याने व्यायाम करणाऱ्याची तर चरबी उतरणं आणि स्नायू भरणं दोन्ही एकदम होऊ शकतं, फक्त घाई चालत नाही. काही आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सँडोच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस १४ सप्टेंबर १९०१चा. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. परीक्षक म्हणून त्याच्यासोबत शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल बसले होते. सर्वांत मोठे दंड ज्याचे तो जिंकणार, असं मुळीच नव्हतं. सर्वांगाची वाढ, त्यातला समतोल, स्नायूंची ठेवण, एकूण तब्येत, अगदी त्वचासुद्धा पाहिली गेली. नॉटिंगहॅमच्या विल्यम मरेला पहिला नंबर मिळाला. बक्षीस म्हणून सँडोचाच छोटा पुतळा. मिस्टर ऑलिंपिया विजेत्याला आजही सँडोच्याच पुतळ्याची ट्रॉफी देतात.

१९०४-०५मध्ये तो भारतातही आला. मुंबई, कोलकात्यात त्याचे खेळ झाले. तालमी, जोर-बैठका, मुदगल हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच. पण गोऱ्यांपुढे आपलं शरीर कमकुवत, असं सतत ऐकावं लागणाऱ्या तरुणांना शरीर कमावता येतं हा त्याचा संदेश भावला आणि त्याचं नाव इथे घरोघरी पोचलं.

शेवट मात्र उदास आहे. १९११मध्ये तो राजा पंचम जॉर्जचा व्यायामगुरू म्हणून नेमला गेला होता. पुढे महायुद्ध पेटलं आणि जर्मन जन्म आड आला. आपल्या नावाने काढलेली कोकोची कंपनीही १९१६मध्ये बुडाली. १४ ऑक्टोबर १९२५ला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. खड्ड्यात अडकलेली मोटार एकट्याने ओढून काढल्याने शीर फुटली, अशी कथा तेव्हा पसरली. मरतानाही ताकदीचीच गोष्ट! लंडनच्या पटनी व्हेलमध्ये त्याला पुरलं आणि कित्येक वर्षं त्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

जगातलं सर्वांत देखणं म्हणून गाजलेलं शरीरही एवढंच टिकलं. तेव्हा उद्या आरशासमोर उभे राहाल, तेव्हा फोटोतल्या सँडोशी तुलना करू नका. जिना चढताना दम कमी लागतोय का, गेल्या महिन्यापेक्षा दोन किलो जास्त उचललं जातंय का, रात्री झोप लागतेय का, एवढं बघा. दंड भरायचे तेव्हा भरतीलच. बनियन तर अंगावर आहेच.