अनंताशी खेळणारी रोझा

मैत्रिणींनो, आजीच्या घरातली उतरंड आठवते? ती उतरवायची कशी? वरचं मडकं काढायचं आणि उरलेल्या उतरंडीला पुन्हा हाच नियम लावायचा. शेवटचं मडकं निघालं की काम संपलं. मडकी पाच असोत की पन्नास, नियम तोच! गणितात याला रिकर्शन म्हणतात. कॉम्प्युटरचे कितीतरी प्रोग्रॅम याच युक्तीवर चालतात. या युक्तीचं शास्त्र उभं करणाऱ्यांत एक बाई होती, हंगेरीची रोझा पेटर.

रोझाचा जन्म 17 फेब्रुवारी 1905 चा, बुडापेस्टचा. कॉलेजात ती केमिस्ट्री शिकायला गेली आणि गणिताच्या प्रेमात पडली. 1927 साली पदवी मिळाली, पण कायमची नोकरी काही मिळेना. मग शिकवण्या घेऊन पोट भरायचं. त्यातच एक धक्का बसला. मेहनतीनं शोधलेले निष्कर्ष दुसऱ्यांनी आधीच मांडलेत, असं कळलं. तिनं गणित सोडलं आणि ती कवितेत रमली.

तिला परत आणलं ते लास्लो काल्मार या गणितज्ञ मित्रानं. त्याच्यामुळे ती रिकर्शनकडे वळली. 1932 मध्ये झुरिकच्या जागतिक गणित परिषदेत तिनं निबंध वाचला, 1935 मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिनं सुटसुटीत केलेलं एक सूत्र आजही शिकवलं जातं. नियम अवघ्या तीन ओळींचा. त्यात 3 आणि 2 घातले तर उत्तर येतं 29. आणि 4 आणि 2 घातले तर? चक्क 19,729 अंकी संख्या! साधा नियमही किती दूर नेतो, ते यातून कळतं.

पण रोझा ज्यू होती. 1939 च्या कायद्यांनी तिला शिकवायला बंदी केली. पुढे काही काळ ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत राहावं लागलं. अशा दिवसांत तिनं पुस्तक लिहिलं, तेही सामान्य माणसाला गणिताची गोडी लावणारं! ‘अनंताशी खेळ’ अशा अर्थाचं त्याचं नाव. 1943 मध्ये ते छापून झालं, पण बऱ्याच प्रती बॉम्बहल्ल्यात नष्ट झाल्या. 1945 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात तिला कायमची नोकरी मिळाली, पदवीनंतर तब्बल 18 वर्षांनी.

1951 मध्ये रिकर्सिव्ह फंक्शन्सवरचा तिचा ग्रंथ आला. या विषयावरचं हे पहिलंच स्वतंत्र पुस्तक. तोवर कॉम्प्युटर नुकते कुठे बाळसं धरत होते. प्रोग्रॅम लिहिला, पण तो नेमकं काय करतो, हे मशीन न चालवताही सांगता यायला हवं ना? त्यासाठी हेच गणित कामी आलं. 1960 साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या कॉम्प्युटर भाषेची मांडणी अशाच फंक्शन्सवर केली. रोझानंही 1976 मध्ये आपलं शेवटचं पुस्तक लिहिलं ते रिकर्शन आणि कॉम्प्युटर यांच्या नात्यावरच.

1973 मध्ये हंगेरीच्या विज्ञान अकादमीवर निवडली गेलेली ती पहिली महिला गणितज्ञ ठरली. 16 फेब्रुवारी 1977 ला, बहात्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती गेली.

गणित सोडून गेलेली रोझा परत आली नसती तर? एखादी गोष्ट अर्ध्यावर टाकली असेल, तर आज तिच्याकडे पुन्हा वळून बघा. वरचं एक मडकं तर काढा, पुढचा नियम तोच आहे!