महाराजा दुलीपसिंगाचे मृगयाजीवन

पंजाबकेसरी रणजितसिंगाचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच्या गादीचा अखेरचा धनी जो दुलीपसिंग, त्याचे पुढे काय झाले असे विचारल्यास चांगले बहुश्रुत गृहस्थही घुटमळतात. शालेय इतिहासाची पुस्तके १८४९ साली पंजाब खालसा झाला एवढे एक वाक्य लिहून पुढल्या प्रकरणाकडे वळतात. ते वाक्य घडले तेव्हा दुलीपसिंग अवघा दहा वर्षांचा होता, आणि त्यानंतर तो आणखी चव्वेचाळीस वर्षे जगला. त्यांतील ऐन उमेदीची वर्षे इंग्लंडच्या रानांत, दुनळी बंदूक खांद्याशी लावून आणि पायाशी कुत्रा बसवून गेली. त्या आयुष्याची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

दुलीपसिंगाचा जन्म सप्टेंबर १८३८ मध्ये लाहोरास झाला. पुढल्याच वर्षी रणजितसिंग वारला, आणि दरबारात खुनांची जी मालिका सुरू झाली तीत एकामागून एक वारस नाहीसे होऊन १८४३ साली पाच वर्षांचे हे पोर गादीवर बसले. १८४५ साली त्याचा मामा जवाहिरसिंग यास खालसा फौजेने त्याच्या डोळ्यांदेखत ठार मारले. पुढे इंग्रजांशी दोन युद्धे झाली. त्यांच्या दरम्यान १८४७ साली त्याला आई राणी जिंदाकौर हिच्यापासून तोडण्यात आले. आणि मार्च १८४९ मध्ये एका तहनाम्यावर सही घेऊन राज्य व कोहिनूर हिरा ही दोन्ही इंग्रजांनी घेतली. हे करणारा गव्हर्नर जनरल म्हणजे आपले साताऱ्याचे राज्य आदल्याच वर्षी खालसा करणारा डलहौसी. तहाप्रमाणे मुलास व त्याच्या परिवारास मिळून सालीना चार ते पाच लाख रुपयांचे वेतन ठरले. अट अशी की, त्याने सरकारच्या आज्ञेत राहावे आणि सरकार सांगेल तेथेच राहावे. दुसऱ्या बाजीरावास ब्रह्मावर्तास बसवून सालीना आठ लाख देण्यात आले होते, तोच हा मासला होय.

गंगाकाठी फत्तेगड येथे डॉक्टर लॉगिन या स्कॉटिश पालकाच्या हाती मुलास सोपविण्यात आले. तेथे तो इंग्रजी शिकला, १८५३ साली ख्रिस्ती झाला, आणि ससाण्यांच्या शिकारीत रमला. ससाणे पाळण्याचा नाद लाहोरच्या दरबारातूनच त्याच्या बरोबर आला होता. बाकीचे बहुतेक सारे मागे राहिले. १८५४ साली तो इंग्लंडास गेला. व्हिक्टोरिया राणीने त्याचे मोठे कोडकौतुक केले. गोरे उमराव त्यास आपल्या शिकारखान्यांची आमंत्रणे धाडू लागले. स्कॉटलंडातील पर्थशायर प्रांतात त्याने एकामागून एक वाडे भाड्याने घेतले, आणि तेथल्या माळावर त्याचा हात बंदुकीवर बसला.

त्या काळी इंग्लंडात नेमबाजीला जे महत्त्व होते ते आपल्याकडील वाचकास सहसा कल्पिता येणार नाही. उमराव घराण्यांच्या मैत्र्या, सोयरिकी आणि राजकारणाच्या गोष्टीही शिकारीच्या मेजवान्यांत जुळत असत. ज्याचा नेम चांगला त्याला कोणताही दरवाजा उघडा होता. राज्य नसलेल्या या राजाने त्या समाजात केवळ राणीच्या मर्जीवर नव्हे तर स्वतःच्या हाताच्या गुणावर जी जागा मिळविली, ती ह्याच मार्गाने. देशातील पहिल्या चार-पाच नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली. १८७१ साली ऑगस्टच्या बारा तारखेस स्कॉटलंडात ग्रँडटली येथे, कुत्र्यांच्या मागे माळ तुडवीत, त्याने एका दिवसात चारशे चाळीस ग्राउज पक्षी पाडले.

मध्यंतरी १८६१ च्या आरंभी तो हिंदुस्थानात येऊन गेला. निमित्त सांगितले वाघाच्या शिकारीचे; आला होता आईस भेटण्यासाठी. कलकत्त्याच्या एका हॉटेलात तेरा-चौदा वर्षांनी मायलेकरांची भेट झाली. राणीची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. मुलाने तिला इंग्लंडास नेले. तेथे १ ऑगस्ट १८६३ रोजी ती वारली. देह पंजाबात नेण्यास सरकारने परवानगी दिली नाही, म्हणून १८६४ च्या वसंतात तो मुंबई इलाख्यात आणून तिचे अंत्यसंस्कार झाले, आणि नाशिकास गोदावरीच्या पंचवटीकडील अंगास तिची लहानशी समाधी उभी राहिली. शिखांच्या राणीची समाधी आपल्या गोदाकाठी होती ही गोष्ट नाशिककरांतही थोड्यांच्या कानी असेल. परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये दुलीपसिंगाने कैरोच्या मिशनशाळेतील बांबा म्युलर या तरुणीशी विवाह केला. तिचा पिता जर्मन व्यापारी, माता हबशी होती.

आईच्या मृत्यूच्या वर्षीच त्याने इंग्लंडच्या पूर्वभागात, सफोक परगण्यात, थेटफर्ड गावाजवळ एल्व्हेडन नावाची जहागीर घेतली. क्षेत्र सुमारे सतरा हजार एकर. जमीन रेताड व हलकी. शेतीस नापीक, परंतु ससे, तित्तिर व फेझंट यांस फार मानवणारी. पैसा सरकारकडून कर्जाऊ मिळाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. जुना वाडा त्याने नव्याने बांधून काढला. बाहेरून तो इटालियन धर्तीचा दिसे. आत मात्र लाहोरच्या महालांची आठवण देणारी कमानींची व गिलाव्याची नक्षी होती. गावचे चर्च, शाळा व कुळांची घरे यांचीही त्याने दुरुस्ती केली. पण त्याचा जीव होता तो रानात.

फेझंट हा कोंबड्याच्या कुळातील पक्षी. आपला मोर, रानकोंबडा व तित्तिर हे त्याचेच भाऊबंद. नर तांबूस-सोनेरी, मान हिरव्यानिळ्या झाकेची, शेपटी हातभर लांब. मादी मळकट तपकिरी. इंग्रजांच्या रानात तो इतका रुळला आहे की तो तेथलाच वाटावा. वस्तुतः तो मूळचा आशियातला. काळ्या समुद्राच्या पूर्वेस जी फेसिस नदी तिच्यावरून त्याला नाव मिळाले, आणि माणसाने नेला म्हणून तो इंग्लंडास पोहोचला. रखवालदार त्याची अंडी गोळा करून खुडूक कोंबड्यांखाली उबवीत, पिलांस मुंग्यांची अंडी चारीत, आणि वाढलेले पक्षी झाडीत सोडून देत. एका मोठ्या शिकारखान्यावर असे वर्षभर राबणारे बरेच नोकर असत. एल्व्हेडन अशा व्यवस्थेसाठी नाणावले गेले, आणि युवराज एडवर्ड तेथे वारंवार पाहुणा म्हणून येऊ लागला.

कायद्याने फेझंटच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन १ फेब्रुवारीस संपतो. आरंभीच्या दिवसांत झाडांवर पाने असतात, पक्षी कोवळे व भोळे असतात, आणि मोठमोठ्या हाक्यांत ते शेकड्यांनी पडतात. जाणत्या शिकाऱ्यास मात्र गोडी असते ती हंगामाच्या शेवटाची, म्हणजे जानेवारीची. तोवर रान उघडे पडलेले असते. भूमीवर दहिवर गोठलेले असते, नेच्यांचे रान वाळून तांबडे होऊन आडवे पडते, आणि तीन महिने बंदुकांतून वाचलेला नर आता पक्का धूर्त झालेला असतो. हाकाऱ्यांच्या काठ्यांचा आवाज दुरून ऐकताच तो उडण्याऐवजी धावू लागतो, कुंपणाच्या कडेने निसटतो, आणि उडालाच तर वाऱ्यावर स्वार होऊन उंच, झाडांच्या शेंड्यांवरून जातो. त्या दिवसांत पुढील विणीसाठी माद्या राखून केवळ नर मारण्याची चाल असल्यामुळे, क्षणार्धात नर की मादी हे ओळखूनच चाप ओढावा लागतो.

अशा दिवसांत खरे काम कुत्र्याचे. दुलीपसिंगाच्या काळी लॅब्रॅडॉर कुत्रा फारसा कोठे दिसत नसे. सपाट किंवा कुरळ्या केसांचे काळे रिट्रीव्हर आणि झुडपांत शिरणारे स्पॅनियल हे मुख्य. बंदुकांची सरबत्ती चालू असता रिट्रीव्हरने मालकापाशी निश्चल बसावे, पडलेला प्रत्येक पक्षी कोठे पडला हे नजरेत ठेवावे, आणि हाका संपल्यावर हुकूम होताच जाऊन एकेक आणावा. पंख मोडलेला नर पडताक्षणीच पायांवर पळ काढतो. माणसाला तो सापडणे शक्य नसते. कुत्रा मात्र पडल्या जागेचा वास घेऊन, इतर दहा पक्ष्यांचे वास ओलांडून, त्याच एकाच्या मागावर दोन-दोन शेते जातो आणि त्याला जिवंत धरून, अंगास दात न लावता, मालकाच्या हाती देतो. जखमी जीव रानात तडफडत राहू नये म्हणून तरी चांगला कुत्रा हवा, हे प्रामाणिक शिकारी मान्य करतील. माणसापेक्षा जनावराचे शिक्षण कधी कधी अधिक पूर्णत्वास जाते, असे या जुन्या शिक्षकास वाटल्यावाचून राहत नाही.

आता बंदुकीविषयी. दुलीपसिंग लहान असता बंदूक तोंडाकडून भरीत. गज घालून दारू ठासण्यात वेळ जाई. १८५१ च्या लंडन येथील मोठ्या प्रदर्शनात फ्रान्सची मागून उघडणारी बंदूक लोकांनी पाहिली, आणि पुढील पंधरावीस वर्षांत सारी तऱ्हाच पालटली. काडतूस मागून घालावे, नळ्या मिटवाव्या, घोडे चढवावे, की बार तयार. मोठा शिकारी एकसारख्या दोन किंवा तीन बंदुका करवून घेई. एक हातात आणि दुसरी मागे उभ्या असलेल्या भरणाऱ्या नोकराच्या हातात. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, धन्याच्या हाताच्या लांबीस, मानेस आणि डोळ्यास मापून कोरलेला. शिंप्याने अंगरखा बेतावा तसा. म्हणून एकाची बंदूक दुसऱ्यास सहसा लागत नाही, आणि जिव्हाळ्याची बंदूक मनुष्य जन्मभर बदलीत नाही. लंडनच्या पर्डी यांच्या पेढीकडून दुलीपसिंग बंदुका करवून घेत असे. या पेढीची दुनळी म्हणजे त्या कामातील कळस समजत.

१८७६ साली एल्व्हेडनवर एका दिवसात त्याने एकट्याने हजार काडतुसांत सातशे ऐंशी तित्तिर पाडले. उडत्या पक्ष्यावर दहांत आठाच्या आसपास नेम लागणे हे कौशल्य अलौकिक आहे, यात शंका नाही. तथापि सातशे ऐंशी हा आकडा लिहिताना हात थोडा अडखळतो. माळ तुडवून, कुत्र्याच्या मागे हिंडून मिळविलेले पाच पक्षी आणि उभ्या जागी मारलेले सातशे, यांस एकच मृगया हे नाव द्यावे काय, हा प्रश्न त्या काळच्या काही इंग्रजांसही पडला होता. आम्हांस तर त्यात दुसरेच काही दिसते. रणजितसिंगाच्या मुलाला हिशेब मांडण्यासाठी ना फौज उरली होती, ना मुलूख, ना महसूल. उरले होते ते पक्षी मोजणे.

आणि याच खेळाने त्यास कर्जात बुडविले. वाडा, रखवालदार, पाहुण्यांच्या पंगती, सहा मुलांचा प्रपंच, वेतन पुरेना. सरकार कर्ज देई आणि व्याज कापून घेई. अखेर १८८२ साली पार्लमेंटने त्याच्या जहागिरीसंबंधी खास कायदा केला. त्यान्वये त्याच्या मृत्यूनंतर एल्व्हेडन विकून कर्ज फेडावयाचे ठरले. मुलांस तेथे राहावयास मिळणार नाही हे त्यास कळून चुकले. मग त्याने जुने कागद उकरले, पंजाबातील आपल्या खाजगी मिळकतीचा हिशेब मागितला, कोहिनुराची कथा वृत्तपत्रांतून काढली. ज्या सरकारास त्याच्या बंदुकीचे कौतुक होते त्यास त्याच्या लेखणीचे मुळीच नव्हते.

१८८६ च्या १ फेब्रुवारीस त्याचा एल्व्हेडनवरील शेवटचा हंगाम संपला. ३१ मार्चला तो बायकामुलांसह जहाजावर चढला तो हिंदुस्थानात परत येण्यासाठी. एडन बंदरात सरकारने त्यास अडविले. तेथेच मे महिन्यात त्याने पुन्हा शीख धर्माची दीक्षा घेतली. हिंदुस्थानचा किनारा त्यास पुढे कधीच दिसला नाही. कुटुंब इंग्लंडास परतले आणि तो पॅरिसला गेला. तेथून १८८७ साली दुसऱ्याच्या नावाच्या परवान्यावर रशियात जाऊन झारची मदत मिळविण्याचा खटाटोप त्याने केला. तो फसला. त्याच वर्षी बांबाराणी वारली. पुढे अर्धांगाचा झटका आला. १८९१ साली फ्रान्समधील ग्रास येथे व्हिक्टोरिया राणीची भेट होऊन समेट झाला. आणि २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात त्याचा अंत झाला. फेझंटचा हंगाम सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे लोटले होते. त्यास एल्व्हेडनच्या चर्चच्या आवारात, पत्नीच्या शेजारी पुरले.

पुढल्याच वर्षी जहागीर विकली गेली. आयर्लंडातील गिनेस घराण्याच्या लॉर्ड आयव्ही यांनी ती घेतली, वाडा वाढविला, आणि शिकारखाना पूर्वीहून मोठ्या थाटात चालू ठेवला; सातवा एडवर्ड व पाचवा जॉर्ज हे दोघेही तेथे बंदूक घेऊन उभे राहिले. दुलीपसिंगाच्या मुलांपैकी कोणासही औरस संतान झाले नाही. सोफिया ही कन्या पुढे इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत झगडली. बापाचा कुत्र्यांचा षोक तिच्यात उतरला होता. प्रदर्शनांत तिच्या कुत्र्यांस बक्षिसे मिळत. थोरली बांबा लाहोरास जाऊन राहिली. १९२४ साली तिने नाशिकहून आजीच्या अस्थी लाहोरास नेऊन रणजितसिंगाच्या समाधीत ठेवल्या. तिचे वडील अद्यापि एल्व्हेडनलाच आहेत.