पंडिता रमाबाई आणि शारदा सदनाचे उघडे दार

मुंबईत चौपाटीच्या परिसरात ११ मार्च १८८९ रोजी एक लहानशी शाळा सुरू झाली. तिचे नाव शारदा सदन. पहिल्या दिवसांत तिथे दोनच विद्यार्थिनी होत्या. एक शारदा गद्रे आणि दुसरी देवरुखची बालविधवा गोदूबाई जोशी. शाळा काढणाऱ्या पंडिता रमाबाई तेव्हा अवघ्या तिशीच्या होत्या. विधवा मुलींनी घर सोडून राहायचे, शिकायचे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहायचे, ही कल्पनाच त्या काळच्या उच्चवर्णीय समाजाला पचण्यासारखी नव्हती. महाराष्ट्रात मुलींच्या वसतिशाळांची परंपरा ज्या थोड्या ठिकाणी मूळ धरून वाढली, त्यांत या सदनाचे स्थान फार वरचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गोव्याच्या दक्षिणेला, कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीच्या हाती दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी भटकत राहिले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, मजल दरमजल करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीचे पांडित्य पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाई स्वतः विधवा झाल्या होत्या. पुढे ज्यांच्यासाठी त्यांनी घर उभारले, त्यांचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

त्याच वर्षी पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टरांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात अध्ययन व अध्यापन केले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच राहून बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत शिकल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन दिले. अट एवढीच, की शाळेत धर्मप्रचार होणार नाही.

सदनाची दिनचर्या या अटीला धरून आखलेली होती. स्वयंपाकघरात ब्राह्मण आचारी, सोवळेओवळे पाळणाऱ्या मुलींना तशी मुभा, आणि व्रते, पूजा, उपास ज्याच्या त्याच्या इच्छेवर. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या आणि साडीतच वावरल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्या. तेलंग यांच्यासारख्या प्रतिष्ठितांचे सल्लागार मंडळ पाठीशी असल्यामुळे पालकांचा धीर वाढला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले.

तिथे मुलींना जे मिळाले, त्यातील बरेचसे पुस्तकांबाहेरचे होते. घरी विधवेचे तोंड पाहणेही अशुभ मानले जाई. मंगलकार्यात तिला जागा नव्हती, जेवण एकवेळचे, अंथरूण जमिनीवरचे. सदनात हे सारे उंबऱ्याबाहेर राहिले. बागेत फिरावे, एकमेकींशी मोकळेपणाने बोलावे, लहानग्यांना शिकवावे, आपली वही आणि आपले पुस्तक असावे, अशा साध्या गोष्टी तिथे दररोज घडत. आधी घर आणि मग शाळा, हा रमाबाईंचा क्रम होता. ज्या मुलीला कोणी माणूस म्हणून वागवलेलेच नाही, तिला धडे देऊन उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे शिक्षिका होता यावे म्हणून मुलींना बालशिक्षणाची पद्धतही शिकवली जाई.

पण याच घराच्या एका सवयीतून वादळ उठले. रमाबाई आणि मनोरमा आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. धर्मप्रचार करायचा नाही हे वचन आपण पाळले आहे, पण स्वतःची उपासना दार लावून करणार नाही आणि आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. विरोधकांचे म्हणणे असे, की आश्रयाला आलेल्या कोवळ्या मुलींवर आईसारख्या बाईच्या आचरणाचा परिणाम होणारच, तेव्हा न बोलता केलेला प्रचार हाही प्रचारच. ‘केसरी’ने हा मुद्दा लावून धरला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी घरी नेले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. मात्र भांडणाची किंमत त्या मुलींनी मोजली, कारण त्यांच्यासाठी दुसरी शाळा तेव्हा नव्हती.

सदन मात्र बंद पडले नाही आणि त्याचा संस्कार बाहेरही पसरला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि तो पुढे हिंगण्याला स्थिरावला. आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आयुष्य त्याच कार्याला वाहिले. रमाबाईंच्या धर्मांतरामुळे जे त्यांच्यापासून दूर गेले, त्यांच्याही लेकींना पुढे शिक्षणाचे घर मिळाले, ते सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एकीच्या संसारातून.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. सदनातल्या शिक्षिका आणि मोठ्या मुली आता धाकट्यांच्या पालक झाल्या. तेथील मुक्ती सदनात १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर जवळजवळ २,००० स्त्रिया आणि मुले होती. विहिरी खोदल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, शिवणकाम आणि छापखाना चालू झाला. खिळे जुळवणाऱ्याही मुलीच असत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. बोस्टनच्या मदतीची दहा वर्षे संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली.

केडगावहून हे काम निजामी मुलखातही पोहोचले. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, हायस्कूल सुरू झाले आणि मनोरमाबाई त्याच्या मुख्याध्यापिका झाल्या. तेव्हा गुलबर्गा आणि बिदर हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. औराद, भालकी, कल्याणी या भागांत घरात मराठी बोलली जाई, पण सरकारदरबारी आणि वरच्या वर्गांत उर्दूचा अंमल होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. मुलींच्या शिक्षणाची वानवा असलेल्या त्या टापूत मायलेकींनी शाळा काढावी, ही गोष्ट आज औरादच्या वाटेवर फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. तोवर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालवले होते. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या धर्माविषयी वाद पुढेही होत राहिले. वसतिगृहातल्या मुलीवर किती आणि कशाचा संस्कार करावा, हा प्रश्न तर प्रत्येक आश्रमशाळेपुढे आजही उभा आहे. पण मुलीला घर सोडून शिकायला पाठवताना आजचे पालक जेवण, सुरक्षितता आणि स्वतंत्र खोलीची चौकशी करतात, तेव्हा आपल्या मुलीला तिथे माणसासारखे वागवले जाईल, हे ते गृहीत धरतात. १८८९ मध्ये ते गृहीत नव्हते. रमाबाईंनी ते दोन मुलींपासून सुरू करून दाखवले.