ग. दि. माडगूळकर : मुलांचे गाणे, मोठ्यांचेही गाणे



बालगीत म्हणजे लहान मुलांसाठी लिहिलेले सोपे गाणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एक अनुभव तुम्हीही घेतला असेल. मूल एखादे गाणे पुन्हापुन्हा लावावयास सांगते. काही गाणी चार दिवसांत मोठ्यांना नकोशी होतात, तर काही गाणी मूल झोपी गेल्यावरही आई किंवा वडील स्वतःशी गुणगुणत राहतात. हा फरक कशामुळे पडतो? गजानन दिगंबर माडगूळकर यांच्या जीवनाच्या आधारे प्रस्तुत घटकात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

जडणघडण

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे या गावी झाला. वडील औंध संस्थानात कारकून होते. मिळकत बेताची आणि कुटुंब मोठे होते. आई बनूताई ओव्या रचीत. माणदेशातील त्या गावांत ओवी, भजन आणि कीर्तन यांतून शब्द व सूर एकत्रच कानी पडत. छापील साहित्याच्या आधी गायिलेले साहित्य भेटणे, हे त्यांच्या जडणघडणीचे पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र शिक्षणाचे आहे. कुंडल व औंध येथे शिकून ते मॅट्रिकच्या परीक्षेस बसले, परंतु गणितात अनुत्तीर्ण झाले. पुढील शिक्षण थांबले आणि उपजीविकेसाठी त्यांनी कोल्हापूरची चित्रपटसृष्टी गाठली. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले आणि त्या सहवासात त्यांचे वाचन वाढले. १९४७ च्या 'रामजोशी'पासून कथा-पटकथाकार आणि गीतकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

मुलांसाठी गीतलेखन

त्या काळी चित्रपट आणि आकाशवाणी ही दोन्ही माध्यमे संपूर्ण कुटुंब एकत्र बसून अनुभवीत असे. मुलांसाठी लिहिलेले गाणेही आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या कानांवर पडणार, हे गृहीतच होते. १९५३ च्या 'देवबाप्पा' या चित्रपटातील 'नाच रे मोरा' हे गीत या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. पु. ल. देशपांडे यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर त्यास लाभला. यातील शब्द छोटे आहेत, ध्रुवपद सहज पाठ होते आणि चालीतच नृत्याचा ठेका आहे. मूल मोराला आपला सवंगडी समजून हाक मारते. मोठ्या श्रोत्याला मात्र त्या हाकेतून स्वतःच्या बालपणीचा पाऊस आठवतो. पुढे १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुधीर फडके यांच्या संगीतासह ज्यांचे 'गीतरामायण' गाजले, त्याच कवीची ही रचना आहे, हे लक्षात घ्या. मुलांसाठी लिहिताना त्यांनी शब्द सोपे केले, पण काव्य हलके होऊ दिले नाही.

तळ्यातील पिलाचे गाणे

श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले बदकांच्या पिलांचे गाणे तुमच्या परिचयाचे असेल. त्याचे मूळ डॅनिश लेखक हान्स अँडरसन यांच्या १८४३ मधील कथेत आहे. मूळ कथेतील पिलू वसंत येईपर्यंत घरोघरी आणि रानोमाळ भटकते, हिवाळ्यात गोठते. माडगूळकरांनी हा दीर्घ प्रवास वगळला. तळे, हिणवणारी भावंडे आणि पाण्यातील प्रतिबिंब एवढ्यावरच त्यांनी संपूर्ण कथा उभी केली. शिवाय परदेशी हंसाचा मराठीत राजहंस झाला. नीर आणि क्षीर वेगळे करणारा विवेकी पक्षी ही आपल्या परंपरेतील त्याची प्रतिमा त्याच्यासोबत आपोआप गीतात आली.

मुलाला या गाण्यात पिलाचा आनंद सापडतो. प्रौढ श्रोत्याला त्याआधीची उपेक्षा अधिक जाणवते, कारण ती त्याने कोठेतरी भोगलेली असते. एकच गीत दोन वयांच्या श्रोत्यांना दोन अर्थ देते. मॅट्रिकच्या अपयशामुळेच माडगूळकरांनी हे गीत लिहिले, असा निष्कर्ष काढता येणार नाही. चरित्र आणि काव्य यांचा संबंध इतका सरळ नसतो. तथापि ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आणि जे आज पुन्हा पदवीचा अभ्यास करीत आहेत, त्यांना प्रतिबिंबाचा तो क्षण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

समारोप

१९६९ मध्ये माडगूळकरांना पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये आपल्या विदर्भात, यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. मॅट्रिक न झालेल्या या कवीचे साहित्य आज तुम्ही पदवीसाठी अभ्यासत आहात.

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. साकोली, लाखनी, पवनी या परिसरातील मामा तलावांच्या काठी वाढलेल्या मुलांना बदकांचे तळे चित्रात दाखवावे लागत नाही. हे गाणे तुमच्या मुलांसह किंवा नातवंडांसह एकदा पुन्हा ऐका. मुलाला कोणता भाग आवडला आणि तुम्ही कोठे थबकलात, याची स्वतंत्र नोंद करा. नंतर तुमच्या घरात झाडीबोलीत गायिल्या जाणाऱ्या एखाद्या पाळण्याशी किंवा खेळगाण्याशी त्याची तुलना करा. या नोंदीतूनच बालगीताची तुमची स्वतःची व्याख्या तयार होईल.