कपाळाच्या कातडीचं नाक

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला सिनेनट्या आठवतात. पण या शास्त्राच्या पुस्तकांत आजही ज्याचं नाव येतं, तो कावसजी होता शेतकरी घरातला एक मराठा, इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा.

१७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. नाक जाणं म्हणजे अब्रूच जाणं. नुसत्या संशयावरूनही बायकांची नाकं कापली जायची, हे वेगळं सांगायला नको. वर्षभर कावसजी तसाच वावरला. मग १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या एका कारागिरानं मेणाच्या पातळ पत्र्यानं माप घेतलं, कपाळाची तेवढी कातडी सोडवली, भुवयांमध्ये जराशी जोडलेली ठेवून खाली वळवली आणि काथानं चिकटवली. हो, पानातला काथ! भूल नव्हतीच. पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. पंचविसाव्या दिवशी तो सांधा कापला.

अशा नाकावर माशी बसली तर ती कपाळावर बसल्यासारखी वाटते, कारण नस कपाळाचीच असते. सांधा कापल्यावर बधिरपणा येतो, मुंग्या येतात, जाणीव परतायला महिने लागतात. आजही चेहऱ्याच्या ऑपरेशननंतर अशा मुंग्यांनी बायका धास्तावतात. डॉक्टरांनी हे आधीच सांगायला नको का?

जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी लंडनच्या मासिकात हकीकत छापून आली आणि १८१४ मध्ये तिथल्या कार्प्यू या सर्जननं याच पद्धतीनं नाक बसवलं.